पदाविना सुपरवायझर: मुलाखतीची तयारी



चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या ऑटो-पार्ट कारखान्यांत लाइन सुपरवायझरच्या जागेसाठी दोन प्रकारचे उमेदवार येतात. काही डिप्लोमा करून थेट आलेले असतात, तर काहींनी आयटीआयनंतर मशीनवर काही वर्षे काढलेली असतात. या दुसऱ्या उमेदवाराच्या बायोडाटात व्यवस्थापनाच्या अनुभवापुढे रेघ असते आणि मुलाखतीत तो त्या रेघेबद्दल ओशाळून बोलतो. त्याची गरज नसते. बोलावणाऱ्याने ती रेघ पाहूनच त्याला बोलावलेले असते.

सुपरवायझरकडे काय असावे याची आजही सर्वांत कामाची यादी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे. 1940 मध्ये अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी उपक्रम सुरू झाला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत नवख्या कामगारांचा लोंढा येत होता आणि त्यांच्यावर नेमायला पुरेसे सुपरवायझर नव्हते. त्यामुळे साध्या कामगारांनाच वर घ्यावे लागले आणि त्यांच्यासाठी दहा-दहा तासांचे वर्ग आखले गेले. या उपक्रमाने सुपरवायझरच्या पाच गरजा सांगितल्या: कामाचे ज्ञान, जबाबदारीचे ज्ञान, शिकवण्याचे कौशल्य, पद्धत सुधारण्याचे कौशल्य आणि माणसे सांभाळण्याचे कौशल्य. युद्धानंतर हे वर्ग जपानला गेले आणि टोयोटासारख्या कंपनीने ते आपलेसे केले. पाचांतली पहिली गोष्ट मशीनवरच्या माणसाकडे असतेच. दुसरी कंपनीगणिक बदलते आणि विचारून कळते. उरलेली तीन कौशल्ये पदाविनाही अंगी येतात. मुलाखतीची खरी तयारी म्हणजे या तिन्हींचे पुरावे स्वतःच्या नोकरीत शोधून काढणे.

शिकवण्याचा पुरावा बहुतेकांकडे असतो, पण तो कोणी मोजत नाही. नवा ट्रेनी किंवा कंत्राटी हेल्पर जुन्या ऑपरेटरच्याच हाताखाली दिला जातो. ‘मी चार-पाच पोरांना शिकवले’ एवढ्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. त्या उपक्रमातली शिकवण्याची पद्धत चार टप्प्यांची आहे: शिकणाऱ्याला तयार करणे, काम टप्प्याटप्प्याने करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. उमेदवाराने एखाद्या ट्रेनीची हकीकत याच क्रमाने आठवावी. फिक्स्चरमध्ये पार्ट बसवताना तो कुठे चुकत होता, चिप साफ न केल्याने माप कसे सरकत होते आणि ‘का’ सांगितल्यावर काय बदलले, असा तपशील हवा. चांगला ऑपरेटर अनेकदा वाईट सुपरवायझर ठरतो, कारण हेल्पर अडखळला की तो त्याच्या हातातला पाना काढून घेतो. अनुभवी मुलाखतकार नेमके हेच तपासतो. म्हणून ‘मी स्वतः उभे राहून टार्गेट काढून दिले’ हे उत्तर उमेदवाराला कौतुकाचे वाटले तरी समोरच्याला खटकते.

पद्धत सुधारण्याबद्दल फार बोलण्याची गरज नसते. एक कायझेन, चेंजओव्हरमध्ये वाचलेली काही मिनिटे किंवा कमी झालेले रिजेक्शन पुरते. मात्र आधीचा आणि नंतरचा आकडा सांगता आला पाहिजे.

खरी कसोटी माणसांची असते. ‘कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांच्याकडून काम कसे करून घेणार?’ हा प्रश्न आतून वर चढू पाहणाऱ्याला हमखास येतो. ‘सगळे माझे ऐकतात’ हे उत्तर भाबडे, तर ‘कामाच्या वेळी मैत्री बाजूला’ हे पाठ केलेले. यापेक्षा ठोस कृती सांगितलेली बरी: अवघड मशीन आणि रात्रपाळी सगळ्यांना आळीपाळीने मिळेल, रजेचा नियम मित्रालाही तोच राहील, चूक सर्वांसमोर न बोलता बाजूला घेऊन सांगितली जाईल. याच जागेसाठी एखाद्या जुन्या सहकाऱ्यानेही अर्ज केला असेल, तर त्याचे काय करणार हा उपप्रश्नही येतो. पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी एकट्याने बोलून त्याच्या हातचे काम कोणते ते ठरवणे, हे समजूतदार उत्तर आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न ओव्हरटाइमचा. उद्या डिस्पॅच आहे आणि कोणी थांबायला तयार नाही, तर काय करणार? इथे कायदा माहीत असलेला उमेदवार लगेच वेगळा दिसतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाने जादा तासांना दुप्पट दर लावला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांतही तो दुप्पटच आहे. शिवाय जादा कामाला कामगाराची संमती लागते. म्हणजे ‘थांबावेच लागेल’ असे म्हणण्याची सोय सुपरवायझरला नाही. कोण थांबू शकतो हे दुपारीच विचारणे, थांबणाऱ्याच्या घरी जाण्याच्या गाडीची सोय पाहणे आणि तरीही माणूस कमी पडला तर किती माल निघेल हे वेळेवर वर कळवणे, एवढे त्याच्या हाती असते. प्रश्न विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असते. त्याला उमेदवाराचा रुबाब पाहायचा नसून अंदाज पाहायचा असतो.

तिसरा प्रश्न सापळ्याचा असतो. प्रेसचा सुरक्षा सेन्सर वारंवार मशीन थांबवतो, टार्गेट मागे पडले आहे आणि ऑपरेटर म्हणतो की तात्पुरता बायपास करू. याला एकच उत्तर आहे: मशीन बंद, मेंटेनन्सला बोलावणे, नोंद आणि वरिष्ठांना निरोप. इथे ‘परिस्थिती पाहून ठरवू’ म्हणणाऱ्याला न घेणेच बरे.

उत्तर कसे मांडावे याचा साधा क्रम आहे: प्रसंग, त्यात स्वतःवर आलेली जबाबदारी, केलेली कृती, निघालेला परिणाम. बहुतेक उमेदवार प्रसंगावरच वेळ घालवतात आणि कृतीपाशी येताच ‘मग आम्ही ते सोडवले’ असे म्हणून मोकळे होतात. ‘आम्ही’ हा विनय चांगला असला तरी मुलाखतीत त्यातून कोणाचे काम कोणते ते कळत नाही. ‘क्वालिटीने होल्ड लावला, मी मागच्या दोन ट्रे वेगळ्या केल्या, सेटरने ऑफसेट दिला’ असे वाटे करून सांगावे. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला दिले की स्वतःच्या वाट्यावरही विश्वास बसतो. सुपरवायझर रजेवर असताना शिफ्टचा चार्ज सांभाळला असेल, तर तसेच सांगावे. त्याला ‘असिस्टंट सुपरवायझर’ असे भारदस्त नाव देऊ नये. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात माणसे कंपन्या बदलत राहतात आणि चौकशी एका फोनवर होते.

आकड्यांची थोडी उजळणी हवी. मशीनची एकूण परिणामकारकता उपलब्धता, वेग आणि दर्जा यांच्या गुणाकाराने निघते: 90, 95 आणि 98 टक्के असतील तर उत्तर सुमारे 84 टक्के येते. तिन्ही आकडे चांगले असूनही गुणाकार खाली का येतो, हे कागदावर मांडून दाखवता यावे. याखेरीज आपल्या लाइनचा सायकल टाइम, शिफ्टचे टार्गेट आणि रिजेक्शनची पहिली दोन कारणे तोंडपाठ असावीत. कपडे, वेळ आणि कागदपत्रे यांबद्दल वेगळे सांगायला नको.

शेवटी ‘काही विचारायचे आहे का?’ असे विचारले जाते तेव्हा मान हलवून उठू नये. लाइनवर परमनंट, कंत्राटी आणि ट्रेनी यांचे प्रमाण काय, आधीचा सुपरवायझर कुठे गेला, पहिल्या तीन महिन्यांत काय अपेक्षित आहे, हे तीन प्रश्न विचारण्याजोगे आहेत. त्यांतल्या दुसऱ्याच्या उत्तरावरून जागा घ्यावी की नाही हेही बऱ्याचदा कळते. पगाराचा विषय त्यांनी काढल्यावर बोलावा आणि त्याआधी एक हिशेब करून ठेवावा: सुपरवायझरला अनेक ठिकाणी ओव्हरटाइम मिळत नाही, त्यामुळे ओव्हरटाइमवर घर चालवणाऱ्या ऑपरेटरची हातात येणारी रक्कम बढतीनंतर कमीही होऊ शकते.