आधी नळी माप

पुणे, 14 नोव्हेंबर

चि. सुजय,

रायफलीचे फोटो मिळाले. लाकडात जवसाचं तेल छान मुरलंय. अंगावरचा लॉन्ग ब्रँच कारखान्याचा शिक्का आणि 1943 हे साल मी मोठं करून पाहिलं. म्हणजे ही ली-एनफिल्ड तुझ्या टोरांटोच्याच पश्चिमेला, सरोवराच्या काठी घडलेली. तुझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, हे तुला ठाऊक आहेच. या रायफलीची .303 ची काडतुसं तिथे बनत. पुंगळीच्या बुडावर 'के. एफ.' ही अक्षरं असत. आपल्याकडे आज .303 'प्रोहिबिटेड बोअर' आहे. मी ती हाताळली ती एन. सी. सी.त, तेवढीच.

पण पत्र लिहायला बसलो ते तुझ्या फोनवरच्या एका वाक्यामुळे. मित्राकडे .308 च्या गोळ्या उरल्यात, तीन-चार थाऊंचा, म्हणजे हजारांश इंचांचा, तर फरक, त्याच भरून काडतुसं करतो, असं म्हणालास. तसं करू नकोस.

.303 हे माप नळीतल्या उंचवट्यांमधल्या अंतराचं आहे, 7.70 मिलिमीटर. गोळीने भरायच्या असतात त्या खाचा, आणि त्यांच्या तळापासून तळापर्यंत कागदावर साधारण .311 इंच भरतं. कागदावर म्हणतो, कारण युद्धात घाईने कापलेल्या नळ्या .313, .314 भरणंही नवलाचं नाही. त्यात कॉर्डाइट दारूच्या उष्ण ज्वाळेने चेंबरपुढचा गळा खाल्लेला असतो. अशा नळीत .308 ची गोळी उंचवट्यांना जेमतेम धरते, खाचा मोकळ्याच राहतात. त्यांतून तप्त वायू गोळीच्या पुढे निसटतो, नळी आणखी खातो. गोळीला नीट पीळ बसत नाही आणि ती लक्ष्यावर आडवी जाऊन लागते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फट दिसली, तर हेच समज.

टूलरूममध्ये नवा असताना मी डबीवरचं माप वाचून रीमर लावला आणि दोनशे बुशा भंगारात घातल्या. डबी बरोबर होती, आतला रीमर दुसराच होता. त्या दिवसापासून लेबल वाचून मी काही पास केलेलं नाही. तूही करू नकोस.

आता मोजायचं कसं ते सांगतो. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपास, मग बोल्ट काढून बाजूला ठेव. नळी स्वच्छ करून तेलाचा हात दे. मासेमारीच्या दुकानात मऊ शिशाची वजनं मिळतात. खाचांपेक्षा किंचित जाड असं एक घे, लाकडी हातोडीने तोंडातून आत बसव आणि पितळी सळीने हळूहळू पुढे ढकल. घाई नको. कुठे घट्ट जातंय, कुठे एकदम सैल पडतंय, हे हाताला कळतं, आणि हे मायक्रोमीटर कधीच सांगणार नाही. बाहेर आलं की बोटांनी दाबू नकोस.

मग खाचा मोज. लॉन्ग ब्रँचने युद्धकाळात दोन खाचांच्या नळ्याही केल्या. दोन असतील तर काम सोपं, खाच खाचेच्या समोर असते. पण पाच असतील तर प्रत्येक खाचेसमोर उंचवटा येतो आणि साधा मायक्रोमीटर खोटं माप देतो. त्याला पाच धारांच्या कटरसाठीचा व्ही-अन्व्हिल मायक्रोमीटर लागतो, 108 अंशांचा. तुझ्या गावातल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये विचार, कोणी नाही म्हणणार नाही.

तांब्याचं आवरण असलेली गोळी खाचांच्या मापाची घे. ओतीव शिशाची असेल तर एक-दोन थाऊ जाड चालते, पण ती भरल्यावर पुंगळीची मान फुगते. चेंबरमध्ये त्या मानेला सैल व्हायला जागा राहिली नाही, तर दाब भलताच चढतो. म्हणून भरलेल्या काडतुसाची मानही माप. नळी झिजलेली निघाली तर सपाट बुडाच्या गोळ्या आधी वापरून बघ. निमुळत्या बुडाच्या तिथे सहसा नीट चालत नाहीत. जुन्या मार्क सात काडतुसाची 174 ग्रेनची गोळीही सपाट बुडाचीच होती.

पुढे आणखी जुन्या रायफली घ्यायचा विचार आहे म्हणालास, म्हणून लिहितो. इटलीच्या 6.5 मिलिमीटरच्या कारकानो रायफलीला .268 ची गोळी लागते. दुकानातल्या बहुतेक 6.5 च्या गोळ्या .264 च्या, आणि त्या भरून लोक बिचाऱ्या रायफलीला नावं ठेवतात. जर्मनीच्या 1888 च्या रायफलीत चूक उलट बाजूची, आणि जिवावरची. तिची मूळ गोळी .318 ची, नंतरची .323 ची. दोन्हींना लोक 8 मिलिमीटरच म्हणतात. अरुंद नळीत जाड गोळी घातली तर दाब कुठे जाणार? मागे तुझा चेहरा असतो.

मित्राच्या गोळ्या त्याला परत दे. शिशाचा तो तुकडा कापसात गुंडाळून डबीत ठेव आणि माप मला कळव. तोवर एकही काडतूस भरू नकोस. डिसेंबरात येशील तेव्हा डबी घेऊन ये, माझ्या मायक्रोमीटरवर पुन्हा मोजू.

तुझा,
मामा