खडी, डांबर आणि पिशवी

मुलांनो, भर उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर तुमची चप्पल कधी चिकटली आहे का? पावसाळ्यात त्याच रस्त्याला पडलेले खड्डे तर तुम्ही नक्कीच पाहिले असतील. तुम्ही घरी ‘सडक’ म्हणता ना? मराठीतही हा शब्द आहे. या सडकेचा जीव डांबरात असतो.

कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल काढून घेतल्यावर जो काळा, घट्ट पदार्थ उरतो, तेच हे डांबर. ते गरम करून खडीत मिसळतात. थंड झाल्यावर ते खडीला धरून ठेवते. पण उन्हात ते मऊ पडते आणि जड ट्रकांच्या चाकांखाली रस्त्यावर चाकोऱ्या उमटतात. कडक थंडीत ते ठिसूळ होते, त्याला भेगा पडतात. मात्र त्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाणी. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक! भेगेतून शिरलेले पाणी दोघांच्या मध्ये जाऊन बसते. डांबर सुटते, खडी निखळते आणि खड्डा पडतो. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. त्यात आदळून माणसे प्राणास मुकतात.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी यावर एक उपाय शोधला. टाकाऊ प्लॅस्टिक पिशव्यांचे बारीक तुकडे त्यांनी सुमारे १७० अंश सेल्सिअस तापलेल्या खडीवर टाकले. प्लॅस्टिक वितळले आणि दगडांवर त्याचा पातळ लेप बसला. मग त्यांनी त्यात डांबर घातले. प्लॅस्टिकही तेलापासूनच बनते, म्हणून डांबर त्याला घट्ट चिकटते. पाण्याला मध्ये शिरणे अवघड होते. २००२ साली महाविद्यालयाच्या आवारात असा रस्ता तयार झाला. २०१८ साली वासुदेवन यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

“पण सर, पिशव्या सरळ डांबरातच का टाकत नाहीत?” असे तुम्ही विचाराल. प्रश्न चांगला आहे. प्लॅस्टिक डांबरात नीट विरघळत नाही, ते वेगळे होऊ लागते. जुन्या टायरांच्या रबराचा चुरा मात्र डांबरातच मिसळतात. गरम डांबरात रबर फुगते आणि डांबराला लवचीकपणा येतो. मग भेगा कमी पडतात.

सगळेच प्लॅस्टिक मात्र चालत नाही. पीव्हीसी तापवले की त्यातून विषारी वायू निघतो, म्हणून ते आधीच निवडून बाजूला काढावे लागते. आणि रस्त्याच्या कडेला गटारच नसेल, पाणी आठ आठ दिवस तुंबून राहत असेल, तर हा लेपसुद्धा फार काळ तग धरत नाही.