भाकरी व वरण यांतील रसायन

वर्धा जिल्ह्यात ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण ही जुनी जोडी होय. भाकरीतील पिष्ट कर्ब, हायड्रोजन व प्राणवायु यांचे बनलेले असून पोटात त्याची साखर होते. तिने श्रमास शक्ति येते. परंतु अंगाचे मांस घडण्यास प्रथिने पाहिजेत. त्यांत नत्रही असतो. प्रथिने सुमारे २० घटकांची गुंफलेली असतात. पैकी ९ अन्नातूनच मिळवावे लागतात. त्यांतील लायसीन ज्वारीत थोडे, तुरीत पुष्कळ; मेथिओनीनची तुरीतील उणीव ज्वारी भरून काढिते. रसायन न शिकता वडिलांनी हा मेळ घातला, हे नवलच! यास्तव डाळ महागली म्हणून लेकरास नुसती भाकरी व तिखट देऊ नये. पोट भरते, अंग भरत नाही. पातळ वरणातील डाळ तळाशी बसते. लेकरास वाढताना पळी तळापर्यंत घालावी.