खालच्या अंगाला कोण आहे?



या तिमाहीचा पाठ मी स्वतःच्याच एका चुकीपासून सुरू करतो.

मागच्या उन्हाळ्यात मंडळीतील तरुणांना घेऊन मी एका आदिवासी पाड्यावर आरोग्य शिबिरासाठी गेलो होतो. ओढ्याला थोडेच पाणी उरले होते. जेवणानंतर आम्ही पातेली तिथेच पावडरीने घासली. खरकटे, फेस, सारे पाण्यात गेले. तेवढ्यात एक आजी हंडा घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, आमचा झिरा खालच्या अंगाला हाय." वाळूत खणलेल्या त्या खड्ड्यात झिरपणारे पाणी सारा पाडा पीत होता. आरोग्य शिकवायला गेलेले आम्ही त्यांचेच पाणी नासवत होतो.

यहेज्केल ३४:१८-१९ वाचा. स्वतः स्वच्छ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करणाऱ्या मेंढरांना देव जाब विचारतो. दोष पिण्याचा नाही. मागून येणाऱ्यांचा विचार न करण्याचा आहे.

मग आपण काय करावे?

१. भांडी, कपडे ओढ्यात धुऊ नयेत. बादलीने पाणी घेऊन निदान २०० फूट दूर जावे. सांडपाणी मातीवर ओतले की मातीतील जीवाणू पुष्कळशी घाण कुजवतात. फॉस्फेट असलेल्या पावडरीमुळे मात्र पाण्यात शेवाळ माजते; ते कुजताना पाण्यातील प्राणवायू कमी होतो व मासे मरतात.

२. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये. औषधाचा रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे. डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी पिण्याचे पाणी भरणार नाही.

३. गाडीचे जुने ऑइल गटारात ओतू नये, गॅरेजवाल्याकडे द्यावे. शहरातील गटारही शेवटी नदीलाच मिळते.

४. कोणी नदीत घाण सोडताना दिसल्यास जागा, तारीख व फोटोसह प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. जाणूनबुजून ओढ्यात किंवा विहिरीत विषारी, घाण पदार्थ सोडण्यास १९७४ च्या जल कायद्याने मनाई आहे.

त्या संध्याकाळी आम्ही आजीची क्षमा मागितली, झिरा उपसला आणि नवे पाणी झिरपेपर्यंत तिथेच बसून राहिलो. पुष्कळ वेळ लागला.

मननासाठी प्रश्न: माझ्या घरातून रोज वाहून जाणारे पाणी कुठे जाते? खालच्या अंगाला ते कोण भरते?