भाताच्या बियाण्याची पारख

उल्हासनगर कॅम्प ५ हा त्या शहराचा लोहमार्गाच्या पूर्वेकडील, अंबरनाथच्या बाजूचा भाग होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे वसली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तिच्या पाच भागांना मात्र लोक अद्यापि कॅम्प असेच म्हणतात. पुढे कॅम्प ४ व ५ मध्ये जीन्स शिवण्याचे छोटे कारखाने निघाले. बदलापूर, वांगणीकडील शेतकरी या बाजारात विजार घेतो तेव्हा शिवण ओढून पाहतो, कापड बोटांत चुरगाळतो, उजेडाकडे धरतो. पट्टीवर काय छापले आहे याला तो फारशी किंमत देत नाही. ‘यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही जुनी थट्टा त्याला ठाऊक असते. (थट्टेवरूनही माल पारखू नये, टिकाऊ मालही त्याच गल्ल्यांतून निघतो.) परंतु हाच चोखंदळ शेतकरी मे महिन्यात भाताचे बियाणे घेताना पिशवीवरील चित्र व नाव पाहून समाधान मानतो, किंवा घरच्या कणगीतील दाणा पिवळाधमक आहे एवढ्यावरच तो राबात टाकतो.

कापडाचा गुण हाताला कळतो. बियाण्याचा गुण म्हणजे त्याच्या आत असलेला जीव, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी निराळी कसोटी लावावी लागते. ती लावली नाही तर नुकसान केवळ बियाण्याच्या किमतीइतके राहत नाही. मृगाच्या पावसावर पेरलेली रोपवाटिका विरळ उगवली तर दुसरी पेरणी करून रोपे तयार होईपर्यंत तीन-चार आठवडे जातात, खोलगट खाचरांत पाणी चढते, लावणीचे मजूर दुसरीकडे गुंततात आणि त्या वर्षाचे पीकच उणे होते.

प्रथम बियाणे एकजिनसी आहे की नाही ते पाहावे. या भागात माळाच्या जमिनीस हळवे, मधल्या खाचरांस निमगरवे व पाणी धरणाऱ्या खोल खाचरांस गरवे भात लावतात. हळव्यात गरव्याचे दाणे मिसळले असतील तर एक लोंबी झडू लागते तेव्हा शेजारची हिरवीच असते, आणि कापणी केव्हाही केली तरी काही धान्य वाया जाते. यासाठी पोत्याच्या वरून, मधून व तळातून एकेक मूठ काढून ती सुपात पसरावी. दाण्याची लांबी, जाडी, तुसाचा रंग व कुसळ यांतील फरक लगेच ध्यानात येतो. काही दाणे सोलून पाहावेत. आत तांबडा तांदूळ निघाला आणि आपला वाण पांढऱ्या तांदळाचा असेल तर भेसळ नक्की समजावी.

दुसरी कसोटी वजनाची. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे व ढवळावे. मीठ मुठीने न मोजता तोलून घ्यावे. पोचट, हलके व रोगट दाणे तरंगतात. ते काढून नष्ट करावेत. तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. ही प्रक्रिया पेरणीपूर्वी करावयाची असते. मात्र बुडालेला प्रत्येक दाणा उगवेलच असा समज करून घेऊ नये. ओलीने तापलेले किंवा दमट जागी साठविलेले बी चांगले जड असूनही मृत असू शकते.

म्हणून तिसरी कसोटी, उगवणीची, हीच खरी. मे महिन्याच्या आरंभीच ती घ्यावी, म्हणजे बियाणे बदलावयास वेळ राहतो. पोत्यातून वरीलप्रमाणे काढलेला नमुना मिसळून त्यातून १०० दाणे मोजून घ्यावेत. येथे टपोरे दाणे वेचण्याचा मोह हटकून होतो. तो आवरला नाही तर सारी परीक्षा खोटी ठरते. गोणपाट भिजवून पिळावे, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या ओळी मांडाव्यात, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व ती सुकू देऊ नये. चौदाव्या दिवशी अखेरची गणती करावी. ज्यास मूळ व कोंब दोन्ही नीट फुटले आहेत तोच दाणा उगवला असे धरावे; बुरसलेले, नुसते मूळ आलेले किंवा वाकडे खुंटलेले अंकुर वगळावेत. कापणीनंतर लगेच अशी परीक्षा घेऊ नये, कारण काही वाणांचे ताजे बी काही काळ सुप्तावस्थेत असते.

शंभरांपैकी ८० किंवा अधिक दाणे उगवले तर बी पेरण्याजोगे आहे. समजा ६०च उगवले, तर ८० टक्के उगवणीच्या ४० किलो बियाण्याइतकी रोपे मिळण्यास ५३ किलोंहून थोडे अधिक बी लागेल. हिशेब सोपा आहे, पण त्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. इतका जीव गमावलेल्या बियाण्याची उरलेली रोपेही बहुधा अशक्तच निघतात. असे भात गिरणीत न्यावे.

विकतच्या बियाण्याची खूणचिठ्ठीही वाचता आली पाहिजे. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार निळी चिठ्ठी प्रमाणित बियाण्याची असते. भातासाठी त्यात किमान ८० टक्के उगवण, ९८ टक्के शुद्धता व अधिकात अधिक १३ टक्के ओलावा ही मर्यादा आहे. हिरव्या चिठ्ठीवरील मजकूर हा विक्रेत्या उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. दोन्हींवर चाचणीची तारीख व मुदत पाहावी. कर्जत केंद्राच्या ‘सह्याद्री’सारख्या संकरित वाणाचे बी मात्र दरवर्षी नवे घ्यावे, घरच्या पिकातून राखलेल्या बियाण्यात ते गुण एकसारखे उतरत नाहीत.

ग्रामसेवकांनी ही माहिती नुसती सांगत न बसता दहा घरांचे नमुने एकाच ओट्यावर, एकाच दिवशी गोणपाटात घालावेत व गणती ज्याची त्याच्याकडून करवून घ्यावी. विकत घेतलेल्या बियाण्याची पावती, पिशवी, चिठ्ठी आणि पिशवीतील मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवण्यास प्रत्येकास सांगावे. उगवण फसल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार देताना याच चार वस्तू मागितल्या जातात.