व्हिटॅमिन ईची कॅप्सूल आणि प्रोस्टेटचा कॅन्सर

आपल्या वस्तीतली वडीलधारी माणसे रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात, पण कुणाला सांगत नाहीत. "वय झालं" म्हणून गप्प बसतात. कुणी सुचवले की मेडिकलमधून व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल आणतात. "ताकदीची आहे, कॅन्सरही होत नाही," असे ऐकलेले असते. म्हणून हा विषय आम्ही घेत आहोत.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते. वाढली म्हणजे कॅन्सरच, असे नाही. पण तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

मग व्हिटॅमिन ईचे नाव कुठून आले? फिनलंडमध्ये 50 ते 69 वयाच्या 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. त्यांच्यापैकी काहींना रोज 50 मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई दिले. त्यांच्यात प्रोस्टेटचा कॅन्सर 32 टक्के कमी दिसला. सुरुवातीलाच ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्यातही हा कॅन्सर कमी आढळला. मात्र गोळी घेणाऱ्यांत मेंदूत रक्तस्राव होऊन झालेले मृत्यू जास्त होते.

म्हणून 2001 मध्ये अमेरिका व कॅनडात 35 हजारांहून अधिक पुरुषांवर मोठी चाचणी सुरू झाली. या वेळी मात्रा मोठी होती, रोज 400 युनिट. फायदा दिसेना, म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. 2011 मध्ये निकाल आला तो उलटाच. सात वर्षांत साध्या, औषध नसलेल्या गोळीवर 1000 पैकी 65 जणांना हा कॅन्सर झाला, तर व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत 76 जणांना. म्हणजे धोका 17 टक्क्यांनी वाढला.

यातून काय शिकायचे? रक्तातले प्रमाण चांगले असणे आणि गोळी गिळून ते वाढवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातले प्रमाण माणसाचा आहार, अंगातली चरबी, बिडीची सवय यांवरही ठरते. आपल्याला रोज 10 ते 15 मिलिग्रॅमच लागते, आणि ते यवतमाळच्या घरातच आहे: मूठभर शेंगदाणे, पालक, करडईचे किंवा सरकीचे रिफाइंड तेल, सूर्यफुलाच्या बिया. मजुरीचे पैसे कॅप्सूलवर घालवण्यापेक्षा ते घरच्या शेंगदाण्यावर खर्चा. ज्यांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे त्यांनी तर ही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

धार बारीक होणे, लघवीत रक्त, अडून राहणे, कंबरेची वा हाडांची न थांबणारी दुखणी, यांपैकी काहीही असेल तर लाजू नका. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. डॉक्टर तपासून गरज वाटली तर पीएसए ही रक्ततपासणी सांगतात. पीएसए वाढली म्हणजे कॅन्सर ठरला असेही नाही. पुढची तपासणी करावी लागते. उपचाराचा खर्च झेपणार नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवा.

मुलींनो, सुनांनो, घरातल्या आजोबांना, बाबांना एकदा प्रेमाने विचारा, "रात्री किती वेळा उठता?" पुष्कळदा विचारल्यावरच उत्तर मिळते.