तीन डिसेंबरच्या पुढचे दिवस

पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली या पट्ट्यात महाविद्यालयांची कमी नाही, आणि दिव्यांग मुलांसाठी काही करावं असं मनापासून वाटणाऱ्या विद्यार्थ्यांचीही नाही. ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की विशेष शाळांचे फोन वाजू लागतात. गाणी होतात, खाऊ वाटला जातो, फोटो निघतात. पुढे कित्येक महिने तिकडे कुणी फिरकत नाही. विद्यार्थी असताना मी या मुलांमध्ये स्वयंसेवक म्हणून काम केलं आणि त्यातून माझं मत पक्कं झालं: वर्षातून एकदाच जाणार असाल, तर मुलांपर्यंत जाऊच नका. जायचं तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, वर्षभर जा.

हे कठोर वाटेल, पण मुलांच्या बाजूने विचार करून पाहा. स्वमग्न मुलाला दिवसाचा ठरलेला क्रम हाच आधार असतो. अचानक चाळीस अनोळखी माणसं, ढोल आणि फुटणारे फुगे आले की तो आधार जातो आणि त्याचे परिणाम शिक्षिकांना पुढचे दिवस निस्तरावे लागतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला घास गिळायला त्रास होत असेल, तर प्रेमाने भरवलेलं बिस्किटही ठसक्याचं कारण होतं. त्याला ताठ बसवून, त्याला चालेल तेच, त्याच्याच गतीने भरवावं लागतं. आकडी आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवणं आणि दातांमध्ये चमचा घालणं अजूनही चालतं. खरं तर मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ पाहायचं आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. हे सगळं मुलागणिक वेगळं असतं. दर आठवड्याला येणाऱ्याला ते समजत जातं. एका दिवसाच्या पाहुण्याला कुणी समजावून सांगू म्हटलं तरी ते शक्य नसतं.

दुसरं कारण मला याहून गंभीर वाटतं आणि ते पनवेलकरांनी तरी विसरू नये. २०११ साली कळंबोलीतल्या एका बालगृहात दिव्यांग मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार उघडकीला आले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीच्या पाहणीतून ते बाहेर आलं आणि २०१३मध्ये न्यायालयाने संस्थाचालकासह इतरांना दोषी ठरवलं. ज्या मुलींना बोलता येत नव्हतं किंवा घडलेलं नीट सांगता येत नव्हतं, त्यांच्याकडे नियमित पाहणारं बाहेरचं माणूस नव्हतं. एखादं मूल पूर्वीपेक्षा गप्प झालंय, विशिष्ट माणूस दिसताच अंग चोरतंय, हा फरक पूर्वीचं मूल माहीत असलेल्यालाच कळतो. शिवाय, प्रत्येक पाहुण्याने मिठी मारायची, गालाला हात लावायचा आणि मुलाने हसून ते सोसायचं, अशी सवय लागली तर नको असलेला स्पर्श नाकारायला ते कुठे शिकणार? म्हणून मूल स्वतःहून जवळ आलं तरी हात पुढे करावा, नमस्कार करावा. बंद खोलीत मुलासोबत एकटं थांबू नये. शौचाला नेणं, कपडे बदलणं ही कामं ताई-मावशींवरच सोडावीत. शंका आली तर १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावं. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असून गप्प राहणं हाही गुन्हा आहे. बालगृहातल्या मुलांचे फोटो स्टेटसला लावण्याबद्दलही सावध असावं. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला २०१५चा बालन्याय कायदा मनाई करतो.

यावर उत्तर येतं, की अभ्यास आणि परीक्षा सांभाळून एवढा वेळ कुठून आणायचा? राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचेच असतात. आठवड्याला तीन तास धरले तर त्यांचे चाळीस आठवडे होतात. त्यातले काही तास महाविद्यालयातल्या कामांत गेले, तरी विशेष शाळेतल्या एका वर्गासाठी आठवड्याचे दोन तास निघू शकतात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: एका दिवसाच्या कार्यक्रमांतून देणग्या येतात, शाळांना पैशांची चणचण असते. ते खरंच आहे. पण देणगीसाठी मुलांना मंचावर बसवावंच लागतं असं नाही. ज्यांना नियमित जमणार नाही त्यांनी व्हीलचेअर दुरुस्त करून द्याव्यात, पालकांना यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचे ऑनलाइन अर्ज भरून द्यावेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारी ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तिची कागदपत्रं जुळवताना रोजंदारी बुडवून फिरणाऱ्या आईचा एक खेटा वाचला, तरी ती मोठी मदत आहे.

इतके नियम ऐकून विद्यार्थी येईनासे होतील, असं काही शिक्षक म्हणतात. काही नाही येणार, आणि मला ते चालेल. नियम ऐकून मागे फिरणाऱ्यापेक्षा ते विचारून घेणारा एकच विद्यार्थी वर्गाला उपयोगी पडतो. त्यानेही संस्थेला प्रश्न विचारावेत. दिव्यांगांसाठीच्या संस्थेला २०१६च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. ती आहे का, स्वयंसेवकाची माहिती आणि ओळखपत्र घेतात का, त्याच्यासोबत कोण थांबतं, हे पहिल्याच भेटीत विचारावं. टाळाटाळ झाली तर दुसरी संस्था शोधावी. आणि शेवटचं वर्ष संपत आलं की गुपचूप नाहीसं होऊ नये. महिनाभर आधी मुलांना सांगावं, कॅलेंडरवर शेवटचा दिवस दाखवावा आणि कनिष्ठ वर्गातल्या एखाद्याला त्या महिनाभर सोबत न्यावं, म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वेळी येणारा चेहरा मुलांच्या ओळखीचा असेल.